पतीच्या नावापुढची रेघ

आईला पहिली भोवळ नळावर आली. दुसरी शेळ्यांना पाला टाकताना. तिसरी माझ्या डोळ्यांसमोर. तव्यावरची भाकर उलटायला तिनं हात पुढं केला आणि तशीच एका अंगावर कलंडली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. अंग घामानं चिंब, हात थंडगार, जीभ जड. काय बोलतेय ते तिचं तिलाच कळत नव्हतं. समोरच्या घरातून काकू लंगडत आली, बशीत चहा ओतला, वरून दोन चमचे साखर घातली आणि घोट घोट पाजला. पाच-दहा मिनिटांत आई उठून बसली. तव्याकडं पाहून मला म्हणाली, "भाकर काहून जळू दिली?"

तिन्ही वेळा सोमवार होता. आईचा उपासाचा वार. म्हणजे गुन्हेगार सापडला, असं मला वाटलं. मला गुन्हेगार लवकर सापडतात. ही गोष्ट माझ्या त्याच सवयीची आहे.

"उपास सोड," मी म्हणाले.

"तू बोलणं सोड," आई म्हणाली.

"अगं, देवानं सांगितलंय का उपाशी राहा म्हणून?"

"तुला भेटला होता व्हय देव? काय म्हणला?"

काकू हसता हसता खोकायला लागली. मी चिडून बाहेर गेले.

माझ्या जन्माच्या आधीपासून आई सोमवार धरते. उपाशीपोटी तिनं विटा वाहिल्या, हळद निवडली, मला पोटात घेऊन डोक्यावर हंडे आणले. कधी पडली नाही. मग आताच काहून पडायला लागली, एवढा साधा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. कारण बायांच्या उपासावर मी आधीच एक पत्रक लिहून ठेवलं होतं आणि आई त्यात बराबर बसत होती.

पत्रकं लिहिणं हे माझं काम आहे. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी बायांच्या एका संघटनेत गेले. तिथं मला एकच गोष्ट नीट शिकवली गेली: एका पानाच्या वर लिहायचं नाही आणि वाचणाऱ्याला तिसऱ्या ओळीपर्यंत राग आला पाहिजे. मला ते जमलं. रेशनवर लिहिलं, नळावर लिहिलं, शाळेच्या संडासावर लिहिलं. गल्लीतल्या बायांना वाचता येत नाही, म्हणून मी ओट्यावर बसून मोठ्यानं वाचून दाखवते. त्या ऐकतात, माना डोलावतात आणि त्या कागदात चटणी बांधून नेतात.

आमची गल्ली हिंगोलीच्या कडेला आहे. सगळी माणसं गोरेगावकडच्या दोन-तीन गावांतून आलेली. आजोबा-पणजोबा मेंढरं राखायचे. आता मेंढरू एक नाही, शेळ्या मात्र दर तिसऱ्या दारात. पुरुष गवंडीकाम करतात, ऑटो चालवतात. बाया हळदीच्या गोदामात जातात. सगळी भावकी, त्यामुळं आडनाव सगळ्यांचं एकच. त्यात माझ्या आईचं आणि समोरच्या काकूचं नावही एकच. काकूचा नवरा भावकीत मोठा, म्हणून काकू थोरली आणि आई धाकली. वयानं दोघी सारख्याच. गल्लीत या दोघींचा घोळ आजवर कोणी केला नाही. तान्ह्या लेकरालाही थोरली कोण आणि धाकली कोण हे कळतं.

मागच्या वर्षी वस्तीतल्या सरकारी दवाखान्यात कंप्युटर आला. त्याच्या आधी केस पेपर असायचा. साडीच्या दुकानाच्या पिशवीत घडी घालून तो प्रत्येकीनं सांभाळायचा, भिजवायचा, हरवायचा. काकूचा तर शेळीनं खाल्ला होता. "निम्मा खाल्ला," काकू सांगायची, "डॉक्टरला म्हणलं, उरलेला वाचा, बाकीचं शेळीला इचारा." आता म्हणे सगळं कंप्युटरमध्ये राहणार. मोबाइलवर एक आकडा येणार, तो सांगायचा, की आपली सगळी माहिती डॉक्टरपुढं उघडणार.

मी लगेच पत्रक लिहिलं. त्यात दोन मागण्या होत्या. आधार कार्डाची सक्ती करू नका, ही पहिली. बाईला तिच्या नवऱ्याच्या नावानं ओळखू नका, ही दुसरी. दुसरी माझी लाडकी होती. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे: "पतीच्या नावाशिवाय बाईला ताप येत नाही का?"

नोंदणीच्या दिवशी मी गल्लीतल्या सगळ्या बाया घेऊन गेले. बहुतेकींकडं मोबाइल नाही. ज्यांच्या घरात आहे तो नवऱ्याच्या किंवा पोराच्या खिशात, कामावर. म्हणून सगळ्यांच्या नावापुढं मी माझाच नंबर दिला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट अभिमान वाटला. नोंदणीच्या टेबलावर वसमतकडची एक ताई बसली होती. शांत स्वभावाची, हाताला चपळ. काकूचा नंबर आला.

"मावशी, नाव सांगा." काकूनं सांगितलं.

"आडनाव?" तेही सांगितलं.

"वय?"

"लिव्हा पन्नास."

आमच्या गल्लीत ज्यांना नक्की वय ठाऊक नाही त्या सगळ्या पन्नासच्या आहेत.

"पतीचं नाव?"

काकूनं पदर तोंडाला लावला आणि मान खाली घातली. आमच्याकडच्या जुन्या बाया नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाहीत. बँकेत, रेशनवर, कुठंही विचारलं की शेजारची बाई सांगते. पद्धतच आहे. मागं उभी असलेली एक जण पुढं सरकली, "थांबा, मी सांगते, त्यांचं नाव..."

"कोणी काही सांगायचं नाही!" मी मध्ये पडले. "ताई, ताप बाईला आलाय. नवऱ्याचं नाव कशाला पाहिजे?"

"अहो, रकाना मोकळा ठेवला तर पुढं जातच नाही हे," ताई म्हणाली. "काहीतरी टाकावं लागतं."

"मग रेघ टाका."

ताईनं माझ्याकडं पाहिलं, मागच्या रांगेकडं पाहिलं आणि रेघ टाकली. मी तिच्या हातात माझं पत्रकही दिलं. काकू उठताना पुटपुटली, "बरं झालं बाई, लाज वाचली." मी त्याला विजय समजले. खरं म्हणजे काकूला नाव घ्यायचं नव्हतं आणि मला ते घेऊ द्यायचं नव्हतं. दोघींची कारणं पूर्व-पश्चिम होती, रेघ मात्र एकच पडली.

काकूच्या मागं आई बसली. तेच नाव, तेच आडनाव, वय पन्नास, नवऱ्याच्या जागी रेघ, नंबर माझा. ताई पडद्याकडं पाहून थांबली. "मावशी, तुमची नोंद आधीच झालेली दिसतेय. झालीय का?"

"व्हय तर," आई म्हणाली. "मी किती वर्षांपासून येऊन राहिले हितं."

ताईनं परत माझ्याकडं पाहिलं. "पुढं घ्या ना ताई," मी म्हणाले, "बाया उन्हात उभ्या आहेत."

तिनं पुढं घेतलं.

त्यानंतर माझा मोबाइल गल्लीचा झाला. सकाळी दहा वाजले की टिंग टिंग सुरू. दवाखान्यातून कोणाच्या तरी फोनवरून कोणीतरी ओरडायचं, "ए बाई, आकडा सांग की! डॉक्टर खोळंबलाय!" मी भाषण करत असले तरी मध्येच थांबून आकडा सांगायची. कोण आहे हे विचारायची गरज वाटायची नाही. आवाज ओळखीचा असायचा.

दवाखान्याच्या दारात एक यंत्र लावलं होतं. त्यावर तीन तोंडं: हिरवं हसणारं, पिवळं गप्प, लाल रडणारं. आज तुम्ही समाधानी आहात का, ते बोटानं दाबून सांगायचं. त्याच्या शेजारी स्टुलावर सिस्टर बसायच्या. सिस्टरच्या समोर लाल तोंड कोण दाबेल? सगळे हिरवं दाबून घरी. मला या खोटेपणाचा इतका संताप आला की मी स्वतःच वही घेऊन गल्लीत फिरले. दवाखान्यात कंप्युटर आल्यापासून तुम्ही समाधानी आहात का, खरं सांगा.

"समाधानी म्हंजे?" एक म्हणाली. "पंखा चालू व्हता."

"डॉक्टर मपल्याकडं पाहत न्हाई, त्या टीव्हीकडंच पाहून राहतो," दुसरी म्हणाली. मी आनंदानं लिहून घेतलं. मग तीच पुढं म्हणाली, "पण टीव्हीत मपलं सगळं असतंय म्हणं. मंग पाहू दे की."

काकूचं उत्तर एका वाक्याचं होतं. "कंप्युटर शेळी खात न्हाई."

आणि सगळ्यात समाधानी निघाली माझी आई. "मला काही सांगावंच लागत न्हाई," ती म्हणाली. "आधी किती डोकं खायचे. कवापासून दुखतंय, कोणती गोळी चालू हाय, दाखवा. आता त्याला सगळं ठाऊक असतं. नुसतं इचारतो, गोळ्या संपल्या का. मी म्हणते, संपल्या. देतो."

ते मी लिहून घेतलं नाही. माझ्या पत्रकाला ते उपयोगाचं नव्हतं. तेच लिहून घेऊन दोनदा वाचलं असतं तर आई तीन वेळा पडली नसती.

आईच्या गोळ्या एका जुन्या स्नोच्या डबीत असायच्या. तिच्या हिशेबानं त्या गुडघ्याच्या होत्या. मी साऱ्या गल्लीच्या औषधपाण्यावर बोलत होते आणि चार हातांवरची ती डबी कधी उघडून पाहिली नव्हती.

तिसऱ्या भोवळीच्या दुसऱ्या दिवशी मी आईला घेऊन दवाखान्यात निघाले. पिशवीत नवं पत्रक लिहून तयार होतं. वरची ओळ होती: "पडद्याकडे पाहणारे डॉक्टर रुग्णाकडे कधी पाहणार?" छापायला टाकायच्या आधी डॉक्टरांच्या तोंडावर वाचून दाखवायचं ठरवलं होतं. काकूही सोबत निघाली. तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला चपलेचा खिळा लागला होता, दोन महिने झाले, भरतच नव्हता. पट्टी बदलायची होती. ती दाराबाहेरच्या बाकावर बसली, आम्ही दोघी आत गेलो.

डॉक्टर मध्यम वयाचे, चेहरा कायम झोप न झालेला. मी भोवळीचं सांगितलं. त्यांनी पडद्यावर पाहिलं.

"सोमवारीच येते? उपास करता का मावशी?"

आईनं माझ्याकडं तिरपं पाहिलं. आता हा डॉक्टर हिलाच खरं ठरवणार, असं तिच्या डोळ्यांत होतं.

"अहो, साखरेची गोळी घेऊन दिवसभर उपाशी राहिल्यावर माणूस पडणारच," डॉक्टर म्हणाले. "मोठं काही होऊ शकलं असतं. रस्त्यात पडला असतात, गाडीखाली आला असतात."

"कोणाची साखर?" मी विचारलं.

"यांची. पाच महिने झाले की. पण कंट्रोलमध्ये आहे, छान."

"मला साखर हाय?" आई म्हणाली. "मला न्हाई कोणी सांगितलं!"

"मावशी, मी दर वेळी विचारतो ना तुम्हाला, गोळ्या संपल्या का?"

"तुमी इचारता, संपल्या का. मी म्हणते व्हय. गुडघ्याच्या संपलेल्याच असत्यात."

मी म्हणाले, "डॉक्टर, पडदा इकडं वळवा."

त्यांनी वळवला. मी पहिल्यांदाच तो कागद नसलेला केस पेपर पाहत होते. तारखेच्या खाली तारीख. ताप नाही. गुडघेदुखी. साखर तपासली, वाढलेली. साखर तपासली, बराबर. पुन्हा वाढलेली. आणि एका बाजूला वजन. चव्वेचाळीस. त्रेसष्ट. चव्वेचाळीस. चव्वेचाळीस. त्रेसष्ट.

"आई," मी म्हणाले, "तू त्रेसष्ट किलोची कधी झालीस?"

"मी? बाळंतपणातसुद्धा न्हवते!"

दाराबाहेरच्या बाकावरून काकूचा आवाज आला, अगदी ऐटीत. "त्रेसष्ट मपलं हाय! मागच्या बारीला काट्यावर पाहिलं मी!"

डॉक्टरांनी मान वर केली. मी खालची ओळ वाचली. उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम, पट्टी केली. आईनं आपले दोन्ही पाय पुढं करून अंगठे पाहिले. "मपल्या अंगठ्याला काय झालं?" ती म्हणाली. आणि तिचं तिलाच उमगलं. "अगं बाई, ही तर थोरलीची जखम!"

डॉक्टरांनी काकूला आत बोलावलं. दोघींना शेजारी शेजारी बसवलं, दोघींच्या बोटाला सुई टोचली. आईची साखर कमी भरली. काकूची इतकी जास्त की डॉक्टरांनी यंत्र झटकून पुन्हा एकदा तपासलं. तेवढीच आली. मग त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि हळू आवाजात सांगितलं. साखर काकूला होती. तिची गोळी आईला जात होती. आईची साखर मुळात चांगली, ती त्याच पानावर चांगली दिसायची, म्हणून दोन महिन्यांपूर्वी त्यांना वाटलं आता कमी करू आणि काकूची गोळी निम्मी केली. अंगठा त्याच्यामुळंच भरत नव्हता.

"ही चूक कोणाची?" मी उभीच राहिले. आवाज माझा मलाच दारापर्यंत ऐकू आला. "एका बाईला नसलेल्या रोगाची गोळी, दुसरीला असलेल्या रोगाची निम्मी! उद्या कोणी मेलं असतं तर कंप्युटरला फाशी देणार होतात का?"

बाहेरची रांग आत डोकवायला लागली. डॉक्टरांनी नोंदणीवरच्या ताईला हाक मारली. ती आली, पडद्यावर वाकली, वरच्या ओळीवर बोट ठेवून थांबली. नाव, आडनाव, वय पन्नास. पतीचं नाव: रेघ.

"ताई," ती मला म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. "ही रेघ तुम्ही टाकायला सांगितली होती. आठवतंय का?"

ती तिच्या टेबलाशी गेली आणि माऊसखालचा एक कागद घेऊन आली. माझं पत्रक. घडी पडलेलं, कोपऱ्यावर चहाचा डाग. "सक्ती करू नका" एवढी ओळ माऊस घासून पुसट झाली होती. "मी जपून ठेवलंय," ती म्हणाली. "कागद चांगला आहे, माऊस छान चालतो."

मी खाली बसले.

सगळं मला एकदम दिसलं. नाव एक, आडनाव एक, वय दोघींचं पन्नास कारण कोणी मोजलंच नाही, नंबर माझा कारण मला गल्लीची पुढारी व्हायचं होतं. फरक करायला एकच गोष्ट उरली होती, तिथं मी रेघ मारायला लावली. माझ्या आईला भोवळ आणणारी व्यक्ती सरकारी नोकर नव्हती. देवही नव्हता.

"वजनाकडं मी पाहायला पाहिजे होतं," डॉक्टर म्हणाले. "ते समोरच होतं."

"अन् मी विचारायला पाहिजे होतं," ताई म्हणाली, "नोंद झालीय म्हणजे काय झालीय ते."

ते दोघंही म्हणाले, म्हणून मलाही म्हणता आलं. मी म्हणाले, माझी चूक आहे. एवढं छोटं वाक्य मी कधी कुठल्या पत्रकात लिहिलं नव्हतं.

आई आणि काकू मात्र आमच्याकडं पाहतच नव्हत्या.

"पाच महिने मपल्या गोळ्या खाल्ल्या व्हय गं धाकले?"

"मला काय ठाऊक! मला वाटलं गुडघ्याच्या हायेत."

"गुडघा दुखायचा राहिला का मंग?"

"न्हाई."

"कसा राहीन? मपल्या गोळ्यांना तुपल्या गुडघ्याशी काय करायचं? परत दे बरं सगळ्या."

आणि दोघी एकमेकींच्या मांडीवर थापा मारत हसायला लागल्या. डॉक्टरही हसले. मला हसू येईना आणि रडूही येईना. काकूच्या अंगठ्याची पट्टी सोडली तेव्हा मी पाहायला वाकले. डॉक्टरांनी कडेनं दाबून पाहिलं, नखाजवळ पाहिलं, वास घेतला. "वेळेवर सापडलं," ते म्हणाले. "आत गेलेलं नाही. पूर्ण गोळी आणि रोज पट्टी. अंगठा राहील." मग आईकडं वळले. "तुमच्या गोळ्या आजपासून बंद. एक-दोन दिवस कुणीतरी लक्ष ठेवा, वेळेवर खा. गुरुवारी येऊन दाखवा. तुम्हाला काहीही झालेलं नाही."

तुम्हाला काहीही झालेलं नाही. मी ते वाक्य त्यांना पुन्हा म्हणायला लावलं.

नोंदणीच्या टेबलावर ताईनं दोन वेगळ्या नोंदी करायला घेतल्या. दोघींच्या तारखा वेगळ्या करायला वजनाचा उपयोग झाला. त्रेसष्टच्या तारखा काकूला, चव्वेचाळीसच्या आईला. साखर आणि पट्टी वजनाबरोबर आपोआप सुटत गेली. काकूनं जावयाचा नंबर दिला. मग तोच रकाना आला. ताईनं माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं पाहिलं.

"रेघ नको आता," ताई म्हणाली. "मावशी, पतीचं नाव सांगता का? कानात सांगा हवं तर."

दोघींनी एकाच वेळी पदर तोंडाला लावला. नवरा दोघींचाही हयात, दोघींचंही चांगलं चाललेलं. पण जे तीस वर्षं घेतलं नाही ते नाव दवाखान्यात कसं घेणार? मागच्या रांगेतली एक बाई सांगायला पुढं सरकलीच. मी या वेळी तिला अडवलं नाही.

आईच म्हणाली, "माईचं सांगितलं तर चालन का?"

"आईचं?" ताईनं रकान्याच्या कडेला काहीतरी दाबलं. खाली तीन शब्द उघडले: पती, वडील, आई. तिनं तोंडावर हात ठेवला. "चालतं की! मी हे कधी उघडूनच पाहिलं नव्हतं."

आईनं पदर काढला, सरळ बसली आणि तिच्या आईचं नाव सांगितलं. नुसतं नाव नाही. गावासकट, बापाच्या नावासकट, एका दमात. माझ्या आजीचं अख्खं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. घरात ती कायम माईच होती. मग काकूनं तिच्या आईचं सांगितलं. ताई टाइप करेपर्यंत ती पडद्याकडं पाहत राहिली. "मेल्यापासून कोणी इचारलंच न्हवतं," ती म्हणाली. "लिव्हलं का? दाखव बरं कुठं हाय."

ताईनं बोट ठेवून दाखवलं. काकूला वाचता येत नाही. तरी तिनं ते बराच वेळ पाहिलं.

बाहेर पडताना दारातलं यंत्र आलं. आईनं थेट हिरवं तोंड दाबलं.

"अगं आई!" मी ओरडलेच. "पाच महिने तुला भलतीच गोळी दिली त्यांनी!"

"आन् आज सापडलं न्हाई व्हय? कागद असता तर शेळीनं खाल्ला असता. कोणाला कळलं असतं?" तिनं आणखी एकदा दाबलं. "हे थोरलीचं."

सिस्टर म्हणाल्या, एका माणसानं एकदाच दाबायचं असतं. आई म्हणाली, "पाच महिने एका माणसात दोघी बसलो, तवा चाललं का?"

पुढचे चार दिवस मी दारोदार फिरले. गल्लीत रेघा आणखी कितीतरी होत्या. प्रत्येकीला दवाखान्यात नेलं, प्रत्येकीच्या आईचं नाव लिहून घेतलं, प्रत्येकीला आपल्या घरचा नंबर द्यायला लावला. पिशवीतलं पत्रक छापलं नाही. नवं लिहिलं, पण त्यात तिसऱ्या ओळीपर्यंत राग येत नाही, म्हणून संघटनेतल्या एकीनं नाक मुरडलं. त्यात एवढंच आहे की डॉक्टरनं गोळी दिली की विचारा, ही कशाची. डॉक्टरला सगळं ठाऊक आहे असं समजून गप्प बसू नका. आणि पहिल्या ओळीत मी केलेली चूक आहे. ओट्यावर वाचून दाखवताना ती ओळ आली की काकू दर वेळी म्हणते, "हळू वाच, हे मला आवडतं."

गुरुवारी आईची साखर तपासली. बराबर. या वेळी ते तिचंच बराबर होतं.

तरी सोमवारी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आईनं उपास धरलाच. मी काही बोलले नाही. दुपारी ती हंडा घेऊन नळावर गेली तेव्हा मी वही उघडून उंबऱ्यावर बसले आणि एक अक्षरही न लिहिता नळाकडं पाहत राहिले. तिनं रांगेत भांडण केलं. हंडा भरला. वाकून उचलला. एक पाय जरा अडखळला, मी अर्धी उठले. तिनं पायाखालचा दगड बाजूला सारला आणि चालत आली. घाम नव्हता. चेहरा रोजचा, चिडका.

"काय टकाटका पाहून राहिली?" ती म्हणाली. "हंडा धर. अन् भाकरी तू टाक आज. जाळू नको."